फरशीचा ठेका देताना "फुटाला काय घेता?" याच्या पुढचे प्रश्न

पुण्यात घरी फरशी बदलायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फुटाला काय घेता?" मिस्त्री एक आकडा सांगतो, दुसरा त्याहून चार रुपये कमी सांगतो आणि तिथेच सौदा होतो. पण जुनी फरशी फोडणं त्या आकड्यात आहे का? राडारोडा खाली नेणं? नवा माल वर चढवणं? स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लागणारी पट्टी), दारांचे उंबरे, ग्राऊट (सांधे भरायचा माल), काम झाल्यावरची धुलाई? दोन मिस्त्रींच्या दरात फुटामागे दहा-पंधरा रुपयांचा फरक असेल, तर तो बहुतेक वेळा कारागिरीचा नसतो. एकाने जे काम धरलंय ते दुसऱ्याने धरलेलंच नसतं, आणि ते अर्ध्या कामात "साहेब, हे एक्स्ट्रा" म्हणून पुढे येतं.

म्हणून दर शेवटी विचारावा. आधी फरशीच्या खाली काय होणार आहे ते विचारावं.

सुरुवात फोडण्यापासून. कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी भागातल्या जुन्या सोसायट्यांत अजून मोझॅक आहे, स्वयंपाकघरात किंवा संडास-बाथरूममध्ये शहाबादी. मोझॅकची फरशी साधारण पाऊण ते एक इंच जाड, तिच्याखाली दीड-दोन इंच मसाला. ६०० चौरस फुटांचं हे सगळं उचललं तर सात-आठ टन माल निघतो. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माणूस उचलू शकेल इतका, म्हणजे पंचवीस-तीस किलो भरला, तर २५० ते ३०० गोण्या. हा आकडा मिस्त्रीसमोर ठेवला की "फोडकाम धरून सांगितलंय" म्हणणारा जरा थांबतो. बऱ्याच सोसायट्या राडारोडा लिफ्टमधून नेऊ देत नाहीत, त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या या गोण्या जिन्याने उतरणार. ती मजुरी कोणाची आणि टेम्पो कोणाचा, हे आधी ठरवा. टेम्पो कुठे रिकामा होणार हेही विचारा. महापालिकेचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे. नदीपात्रात किंवा टेकडीच्या पायथ्याशी ओतलं तर दंड आहे, आणि चौकशी झाली तर माल कुणाच्या घरातून निघाला हे विचारलं जातंच.

फोडायचं टाळून जुन्या फरशीवरच नवी लावता येते, पण सरसकट नाही. आधी जुनी फरशी ठोकून बघायची. पोकळ वाजणारे तुकडे काढून खड्डे भरायचे. मग ग्राइंडरने पृष्ठभाग खरवडून पॉलिश घालवायचं आणि व्हिट्रिफाइडसाठी (जवळजवळ पाणी न शोषणारी फरशी) किमान टाईप २ चा अढेसिव्ह (टाईल चिकटवायचा तयार मसाला) वापरायचा. आयएस १५४७७ या मानकात टाईप १ ते ५ असे वर्ग आहेत आणि गोणीवर तो छापलेला असतो. यात फरशीची पातळी १२ ते १५ मिलिमीटरने वर येते. दारं खालून तासावी लागतात, मुख्य दार अडतं. आणि जे कुणी आधी सांगत नाही ते असं: बाथरूममध्येही तसंच केलं तर आतली पातळी उंबऱ्याला येऊन भिडते आणि आंघोळीचं पाणी बेडरूममध्ये यायला लागतं. हॉल-बेडरूमला फरशीवर फरशी चालेल. बाथरूमला नको.

आता मिस्त्री कुठून आणायचा. वारजे किंवा डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी बिगारी मिळतो, फोडकामाला आणि माल वाहायला तो ठीक. फरशी लावणारा तिथून उचलू नये. टिंबर मार्केट-भवानी पेठेतले किंवा सिंहगड रोड, बाणेरकडचे टाईल्सवाले स्वतःहून मिस्त्रीचं नाव देतात. त्यात वाईट काही नाही, फक्त त्या नावामागे दुकानदाराचं कमिशन असू शकतं हे धरून चालावं. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे आपल्याच सोसायटीत, आपल्यासारख्याच फ्लॅटमध्ये काम केलेला माणूस. त्याला त्या इमारतीचा स्लॅब, लिफ्टचे नियम, पाण्याच्या वेळा सगळं ठाऊक असतं.

त्याचं काम बघायला जाल तेव्हा दोन जागा मागा: एक सध्या चालू असलेली, एक दोन-तीन वर्षं वापरात असलेलं बाथरूम. नुकत्याच पुसलेल्या हॉलचे फोटो कामाचे नाहीत. चालू साइटवर मोबाईलचा टॉर्च लावून फोन जमिनीवर आडवा ठेवा. प्रकाश फरशीला घासून गेला की वर-खाली झालेल्या प्रत्येक कडेची सावली पडते. अवजारंही बघा: लेझर लेव्हल आहे की नुसती पाण्याची नळी (नळीही चालते, पण वापरणारा हवा), दातेरी थापी आहे का, शेजारच्या फरशा एका पातळीत धरणाऱ्या लेव्हलिंग क्लिपा आहेत का, पाण्यावर चालणारा कटर आहे की कोरडा ग्राइंडर. चार फुटी फरशी कोरड्या ग्राइंडरने कापणाऱ्याच्या कडा करवतीसारख्या निघतात.

खरा खेळ फरशीच्या पाठीमागे असतो. इथे जरा थांबून समजून घेतलं तर पुढची निम्मी भांडणं टळतात.

व्हिट्रिफाइड फरशी जेमतेम ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी शोषते. भिंतीची साधी सिरॅमिक टाईल १० टक्क्यांहून जास्त. सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट, टाईलच्या छिद्रांत शिरून धरते. व्हिट्रिफाइडला तशी छिद्रंच नाहीत, त्यामुळे स्लरी तिच्या पाठीवर पापुद्र्यासारखी सुकते आणि सुटते. जमिनीवर फरशीचं वजन सांभाळून घेतं. भिंतीवर ती वर्ष-दोन वर्षांत पोकळ वाजते आणि एक दिवस खाली येते. म्हणून भिंतीवर व्हिट्रिफाइड लावायची असेल तर अढेसिव्हच. सिरॅमिक टाईल सिमेंटवर लावायची असेल तर ती आधी पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत, आणि निथळून लावायची. अढेसिव्हवर लावताना मात्र भिजवायची नाही. दोन्हीकडे एकच सवय लावणारे मिस्त्री भरपूर आहेत.

टाईलच्या पाठीवर पांढरी भुकटी असते, भट्टीत चिकटू नये म्हणून लावलेली. ती ओल्या फडक्याने पुसली नाही तर उत्तम अढेसिव्ह त्या भुकटीला चिकटतो, टाईलला नाही. पुसायला काही सेकंद लागतात, आणि घाईत पहिल्यांदा हेच सुटतं.

जमिनीवर पारंपरिक पद्धतीत १:६ चा निमकोरडा मसाला, दीड इंच जाडीचा. शंभर चौरस फुटांना साधारण दोन गोणी सिमेंट आणि पंधरा घनफूट रेती लागते, वर स्लरीसाठी अर्धी-पाऊण गोणी. आता सगळीकडे क्रश सॅंड, म्हणजे दगड दळून केलेली रेती, येते. तिच्यात धूळ फार असेल तर थर भुसभुशीत राहतो. मूठभर ओली रेती दाबून सोडा, तळहातावर पिठासारखा चिखल राहिला तर ती परत पाठवा. नीट काम करणारा मिस्त्री मसाला पसरतो, फरशी कोरडीच ठेवून रबरी हातोड्याने लेव्हलला बसवतो आणि मग ती परत उचलतो. खाली मसाल्यावर तिचा ठसा उमटलेला असतो. जिथे ठसा नाही तिथे खड्डा आहे; तिथे मसाला टाकतो, पुन्हा ठेवून बघतो, मग स्लरी ओतून कायमची बसवतो. हे उचलून बघणं म्हणजेच कारागिरी. स्लरीवर कोरडं सिमेंट भुरभुरून फरशी एकदाच आपटून बसवणारा दिवसाला दुप्पट काम दाखवतो, आणि त्याच फरशा पुढे पोकळ वाजतात.

२ बाय ४ फुटांच्या किंवा त्याहून मोठ्या फरशीला माझं मत स्पष्ट आहे: आधी कोबा (सिमेंट-रेतीचा पक्का थर) करून लेव्हल घ्या, त्याला निदान सात दिवस पाणी मारा, सुकू द्या, मग अढेसिव्हवर फरशी लावा. खर्च वाढतो. पण मोठी फरशी ओल्या मसाल्यावर एकसारखी बसणं फार कठीण, कोपरे लोंबते राहतात आणि पलंगाचा पाय नेमका तिथेच येतो. दातेरी थापीने २० किलोच्या गोणीत सपाट तळावर ४० ते ५० चौरस फूट होतात, तळ वाकडातिकडा असेल तर २५-३० सुद्धा. दर ठरवताना "अढेसिव्ह तुमचा" असेल आणि तळ खराब असेल, तर माल वाचवायला मिस्त्री चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मध्ये एक लावून टाईल दाबतो. मधल्या पोकळीवर जड वस्तू पडली की फरशी काचेसारखी तडकते. म्हणून अढेसिव्ह आपण आणावा, मजुरी त्याची. गोण्या किती लागल्या ते आपल्याला कळतं आणि काटकसर करण्यात त्याचा फायदा राहत नाही.

सांध्यांबद्दल गिऱ्हाईक आणि मिस्त्री दोघंही हट्टी असतात. "सांधा दिसायला नको, भिडवून लावा" ही मागणी इतकी सर्रास आहे की नको म्हणणारा मिस्त्री काम गमावतो. पण उन्हाळ्यात फरशी तापून प्रसरण पावते, स्लॅब किंचित वाकतो, काँक्रीट आकसतं. फरशांना हलायला जागा नसेल तर ताण साठत जातो आणि एका दुपारी हॉलच्या मधल्या दोन फरशा तंबूसारख्या वर उठतात, आवाजासकट. घाबरून लोक स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावतात. दोष सांध्याचा असतो. निदान २ मिलिमीटरचा स्पेसर (सांध्यात ठेवायचा छोटा तुकडा), आणि भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटर जागा मोकळी; ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ही भिंतीलगतची जागा मसाल्याने भरून टाकू नका असं बजावून सांगावं लागतं.

लांब फरशा अर्ध्यावर सरकवून विटेसारख्या लावायच्या असतील तरी जपून. भट्टीतून आलेली चार फुटी फरशी मध्ये किंचित फुगीर असते. दोन फरशा तोंडाला तोंड लावून ठेवल्या की फट दिसते. अर्ध्यावर लावली तर एकीचा फुगवटा दुसरीच्या कोपऱ्याशेजारी येतो आणि पायाला ठेच लागेल अशी कड राहते. एक तृतीयांशावर सरकवली तर हे बरंच कमी होतं.

लावायला सुरुवात करण्याआधी खोलीचा काटकोन तपासला जातोय का बघा. गुण्या (काटकोन बघायचं अवजार) लहान पडतो. एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करायची, तिरकं अंतर बरोबर ५ फूट यायला हवं. फ्लॅटच्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात, त्यामुळे कुठेतरी निमुळती पट्टी येणार. ती कुठे यावी हे मिस्त्रीने नाही, तुम्ही ठरवायचं. दारातून आत येताना दिसेल ती अख्खी फरशी, पट्टी कपाटाखाली. कोरडी मांडणी करून दाखव म्हणावं, अर्धा तास जातो.

बाथरूमच्या क्रमात अदलाबदल नको. फोडणं, प्लंबिंग, पाइपांना पंपाने दाब देऊन तपासणी, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून ठेवणं, उताराचा थर, मग टाईल. संक स्लॅब (बाथरूमपुरता खाली घेतलेला स्लॅब) असेल तर त्यातला जुना भराव काढून तळापासून वॉटरप्रूफिंग करा, वरून रंगवल्यासारखं केमिकल मारून काही होत नाही. वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एकमेकांना आडवे, भिंतीवर सगळीकडे निदान फूटभर वर आणि शॉवरच्या भिंतीला सहा फुटांपर्यंत. गळती बहुतेक मधून होत नाही. ती भिंत-जमिनीच्या कोपऱ्यातून आणि न्हाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालचं भांडं) भोवतीने होते. त्या दोन जागा स्वतः उभं राहून करून घ्या. मग ट्रॅप बंद करून दोन-तीन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा आणि ४८ तास ठेवा. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगा आणि छत बघायला लावा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे आपल्या बाथरूममधून होणाऱ्या गळतीचा खर्च सभासदावरच येतो, तेव्हा हे दोन दिवस वाचवण्यात शहाणपण नाही.

उतार फुटाला एक अष्टमांश इंच, म्हणजे चार फुटांत अर्धा इंच. २ बाय २ च्या फरशीला चारही बाजूंनी ट्रॅपकडे उतार देता येत नाही, ती वाकत नाही. बाथरूमला १ बाय १ ची अँटिस्किड घ्या, नाहीतर भिंतीलगत लांब जाळीचा ड्रेन ठेवून एकाच दिशेने उतार द्या. भिंतीच्या टाईल खालून दुसऱ्या ओळीपासून, पट्टीच्या आधारावर लावायला सांगा. जमीन झाली की खालची ओळ, म्हणजे भिंतीची टाईल जमिनीच्या टाईलवर येते आणि पाणी सांध्यात शिरत नाही. ग्राऊट इथे इपॉक्सीच, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचा. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यावर जिथे घरं चालतात तिथे साधा सिमेंटचा ग्राऊट काही महिन्यांत पांढरट आणि कळकट होतो. इपॉक्सी मात्र लावल्यावर लगेच पुसावा लागतो, सुकला की त्याची धुरकट साय टाईलवर बसते. बाथरूमभर एकदम फासून मग पुसायला बसणाऱ्याला थांबवा.

पेट्यांचा हिशेब. ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या पेटीत चार नग, ६०० बाय १२०० च्या पेटीत दोन. दोन्ही पेट्यांचं क्षेत्र १.४४ चौरस मीटर, म्हणजे १५.५ चौरस फूट. दुकानात मात्र सरळ १६ धरतात. ७०० फुटांना १६ ने ४४ पेट्या येतात, १५.५ ने ४६. वर सरळ मांडणीला पाच-सात टक्के तूट, मोठ्या फरशीला आठ-दहा, तिरक्या मांडणीला बारा-पंधरा. सगळ्या पेट्यांवर बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, हे टेम्पो गेल्यावर नाही, माल उतरताना बघायचं. फरशी लागल्यावर शेडची तक्रार कोणीच ऐकत नाही. नऊ मिलिमीटर जाडीच्या शंभर फूट फरशीचं वजन दोनशे किलोच्या आसपास. "माल चढवणं" ही ओळ कागदावर का हवी ते यावरून कळेल.

कागद म्हणजे वकिली करार नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आणि त्याने "ओके" म्हटलेला मजकूरही पुरतो. साधारण असा:

"हॉल, दोन बेडरूम, किचन: जुनी फरशी फोडून, राडारोडा टेम्पोसकट तुमच्याकडे. कोबा दीड इंच, वर अढेसिव्हवर २ बाय ४. मोजमाप लावलेल्या क्षेत्रफळावर, पेट्यांवर नाही. स्कर्टिंग ४ इंच, रनिंग फुटाने वेगळा दर. उंबरे नगावर. ४५ अंशाची कड रनिंग फुटाने. ग्राऊट, स्पेसर, क्लिपा, ब्लेड तुमचे. सिमेंट, रेती, अढेसिव्ह, टाईल माझे. गेटपासून वर माल चढवणं तुमच्याकडे. पोकळ वाजलेली फरशी बदलून देणं, मजुरी तुमची."

"मोजमाप लावलेल्या क्षेत्रफळावर" ही ओळ गाळू नका. हिशेबाच्या वेळी कापून वाया गेलेले तुकडेही फुटात धरायची पद्धत आहे.

जीएसटी वर लावला असेल तर नोंदणी क्रमांक मागा. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी बंधनकारक नाही, आणि नोंदणी नसताना जीएसटी घेता येत नाही.

पैसे टप्प्याने. सुरुवातीला दहा टक्के उचल, फोडकाम झाल्यावर एक हप्ता, कोबा आणि वॉटरप्रूफिंगनंतर एक, फरशी लागल्यावर एक, आणि दहा टक्के काम संपल्यावर पंधरा दिवसांनी. शनिवारी मजुरांची खर्ची द्यावी लागते, ती या हप्त्यांतच धरा आणि तारखेसह लिहून ठेवा. झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे गेले की मिस्त्री दुसरी साइट धरतो. होळी आणि छटपूजेच्या आसपास यूपी-बिहारकडचे कारागीर गावी जातात, दिवाळीआधी सगळ्यांनाच घाई असते. त्या काळात फोडलेलं घर अर्धवट राहू नये एवढं बघून तारीख धरा. गुरुवारी पाणी बंद असेल तर बुधवारीच पिंपं भरून ठेवायला सांगा. सोसायटीचं परवानगीपत्र, डिपॉझिट आणि दुपारी ठोकाठोक बंदची वेळ पहिल्याच दिवशी मिस्त्रीच्या हातात द्या.

शेवटचा हप्ता द्यायच्या आधी एक नाणं घेऊन बसा. प्रत्येक फरशीच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्यावर वाजवा. बद्द वाजेल तिथे मार्करने फुली. एखाद्या कोपऱ्याशी जरासा पोकळ आवाज सोडून द्यायला हरकत नाही, पण मध्ये किंवा दाराच्या वाटेवर वाजली तर बदलून घ्या. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि दहा मिनिटांनी बघा. डबकं राहिलं तर तो उतार चुकलाय. उरलेल्या पेट्यांपैकी एक तरी परत करू नका. पेटी आडवी न टाकता फरशा उभ्या ठेवा आणि बॅच नंबर दिसेल असा पुठ्ठा बाहेरच्या बाजूला.